नग एक, स्थिती अशक्त : नाशिकमधल्या एका सीलबंद घराचं प्रकरण

जानेवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी मी दवाखाना आवरत होते. तेवढ्यात साठीच्या एक काकू आल्या. हातात ना कुत्रं, ना मांजर. दारातूनच म्हणाल्या, ‘मॅडम, आमच्या गल्लीत बँकेने घर सील केलंय आणि आत कुत्रा रडतोय. शुक्रवारपासून.’

मी नाशिकमध्ये पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवते. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत काम करणारी, सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर या भागांत रो-हाऊस किंवा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेली कुटुंबं माझ्याकडे येतात. हप्त्यांवर घेतलेल्या घरात कुत्रा पाळणारी ही माणसं. हे प्रकरण त्यांच्यापैकीच एका कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गल्ली आणि काही तपशील बदलले आहेत. जनावरांची वजनं आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

काकूंनी सांगितलेलं थोडक्यात असं. कोपऱ्यातलं रो-हाऊस, शेजारी मोकळा प्लॉट. गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास घरातली मंडळी छोट्या टेम्पोत सामान भरून निघून गेली. कुणाला सांगितलं नाही, निरोप घेतला नाही. शुक्रवारी सकाळी पोलीस, महसूलचे अधिकारी आणि वित्त कंपनीची माणसं आली. (लोक सगळ्यांना बँकच म्हणतात, ही गृहकर्ज देणारी कंपनी होती.) दुपारपर्यंत पंचनामा झाला, दाराला कुलूप आणि सील लागलं. कुत्रा घराच्या मागे, भांडी-कपडे धुवायच्या जागेत बांधलेला होता. तिन्ही बाजूंनी उंच भिंती, वर पत्रा, एका भिंतीत बारीक जाळी. शनिवारी रात्री तो भुंकायचा थांबला आणि विव्हळायला लागला. ते ऐकून काकूंनी रविवारी सकाळी जाळीच्या एका तुटक्या कोपऱ्यातून पाण्याचा पाइप आत सोडला, मागून बिस्किटं ढकलली. पोळी त्या फटीतून जात नव्हती.

‘कुणाला कळवलं का?’ मी विचारलं. सगळ्यांना कळवलं होतं. एका ठिकाणी उत्तर मिळालं की सील सरकारी आहे, आम्ही हात लावणार नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की आमची गाडी रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी आहे, हा तर पाळीव. कंपनीच्या फोनवर कर्जखात्याचा क्रमांक मागितला. तो काकूंकडे कुठून असणार?

‘कुत्र्याचं नाव माहीत आहे?’

‘ब्रूनो.’

मी रजिस्टर उघडलं. ब्रूनो माझाच पेशंट होता.

माझ्या रजिस्टरने काय सांगितलं होतं

या प्रकरणातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबते.

ब्रूनो लॅब्राडोर मिश्र जातीचा, सहा वर्षांचा नर. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो लसीकरणाला आला तेव्हा वजन २९.२ किलो होतं. नोंदीसमोर माझ्याच अक्षरात लिहिलंय : फक्त रेबीज, बाकीची लस पुढच्या महिन्यात. ती पुढच्या महिन्यात झाली नाही. ऑगस्टमध्ये अंगाला खाज म्हणून आणलं तेव्हा वजन २६ किलो. खाणं बदललंय का, असं मी विचारल्यावर त्याचे मालक म्हणाले होते की कंपनीचं पोतं बंद केलं, आता दूध-पोळी देतो. दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, त्यांनी तीन दिवसांच्या घेतल्या. रक्ततपासणी ‘नंतर बघू’ म्हणाले.

चार महिन्यांत तीन किलो वजन घटलं, लस अर्धी, औषध अर्धं. यापुढे मी कोणता प्रश्न विचारायला हवा होता, हे आज मला स्वच्छ दिसतं. मी खाजेवर उपचार केले आणि पुढचा पेशंट आत घेतला. त्या ऑगस्टमध्ये त्यांच्या दारावर प्रतीकात्मक ताब्याची नोटीस चिकटवून दोन महिने झाले होते.

घर जाताना एका दिवसात जात नाही. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की कर्ज अनुत्पादक (एनपीए) ठरतं. मग थकलेल्या कर्जापोटी गहाण मालमत्तेचा ताबा घेऊ देणाऱ्या २००२च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२)खाली साठ दिवसांची मागणी नोटीस येते. ती मुदत संपली की कलम १३(४)खाली प्रतीकात्मक ताबा घेता येतो : दारावर नोटीस चिकटते, सात दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं असतं. माणसं मात्र आतच राहत असतात. मग कंपनी कलम १४खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, आदेश निघतो, आणि पोलीस बंदोबस्तात प्रत्यक्ष ताबा घेतला जातो. ब्रूनोच्या घरात पहिला हप्ता चुकल्यापासून सील लागेपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ गेला. कुत्र्याची सोय करायला दीड वर्ष होतं, असं म्हणणं सोपं आहे. त्या दीड वर्षात ते कुटुंब रोज घर वाचवायच्याच मागे होतं. कुत्र्यासाठी दुसरी जागा शोधायची म्हणजे घर गेलं हे कबूल करायचं, आणि ते शेवटच्या गुरुवारपर्यंत त्यांनी केलं नाही.

कुलूप कुणाचं?

बुधवारी सकाळी मी दवाखाना सहायकाकडे सोपवला आणि ओळखीच्या एका वकिलांना फोन लावला. त्यांच्याकडून मिळालेली माहिती इथे मुद्दाम लिहिते, कारण गल्लीतल्या प्रत्येकाची समजूत उलटी होती.

महसूल अधिकारी ताबा घेऊन तो कर्ज देणाऱ्या संस्थेच्या हवाली करतात. एकदा हवाली झाला की घर त्या संस्थेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या हाती असतं. किल्ली त्याच्याकडे, जबाबदारीही त्याच्याकडे. सरफेसीच्या २००२च्या नियमांत, नियम ८मध्ये, असं आहे की ताब्यातल्या मालमत्तेची काळजी एखाद्या सामान्य सुज्ञ मालकाने घ्यावी तशी घ्यायची. म्हणजे घर पुन्हा उघडायला कोर्टाची पायरी चढायची गरज नव्हती. प्राधिकृत अधिकाऱ्याने मनावर घेतलं, पंच बोलावले आणि पंचनामा केला की पुरे. शेजाऱ्यांनी कुलूप तोडायचं मात्र नाही. तसं केलं असतं तर उद्या ‘सामान गेलं’ या आरोपात काकूच अडकल्या असत्या.

मी एक पानाचा अर्ज लिहिला. घराचा पत्ता, ताब्याची तारीख, आत जिवंत कुत्रा असल्याचं काकूंच्या मोबाइलमधलं चित्रीकरण, घर पंचांसमक्ष उघडून केवळ प्राणी बाहेर काढण्याची विनंती, पशुवैद्य म्हणून मी स्वतः हजर राहीन, एकाही वस्तूला हात लावणार नाही, संपूर्ण चित्रीकरण होईल. खाली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याचं कलम ११. जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत सोडून देणं हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये. १९६०मध्ये ठरलेला तो आकडा वाचून कुणी घाबरत नाही, हे मला माहीत होतं. नियम ८चा उल्लेख जास्त कामाला आला, कारण तो थेट त्यांच्या जबाबदारीवर बोट ठेवत होता. अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्याला, एक पशुसंवर्धन विभागाला.

दारावरच्या नोटिशीच्या तळाशी प्राधिकृत अधिकाऱ्याचं नाव आणि कार्यालयाचा पत्ता छापलेला असतो. कर्जखात्याचा क्रमांकही तिथेच होता. पाच दिवस लोक हेल्पलाइनवर फोन करत होते आणि उत्तर दारावरच चिकटवलेलं होतं.

त्याच दुपारी मी ब्रूनोच्या कार्डावरचा दुसरा नंबर लावला. मालकांचा फोन वसुलीच्या कॉलमुळे महिनोन्महिने बंद होता. दुसरा नंबर वहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. पलीकडून आवाज आला तेव्हा मी फक्त ‘ब्रूनोच्या डॉक्टर बोलतेय’ एवढंच म्हटलं, आणि त्या रडायलाच लागल्या.

सिन्नरला त्यांच्या बहिणीच्या घराजवळ एक खोली मिळाली होती. घरमालकाने कुत्रा चालणार नाही असं आधीच बजावलेलं. ठरलं असं होतं की भाचा शुक्रवारी सकाळी रिक्षा घेऊन येईल आणि ब्रूनोला त्याच्या मित्राच्या मळ्यावर नेईल. भाचा आला, पण साडेअकराला. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी पाहिली आणि तसाच मागे फिरला. नंतर कुणाचीच हिंमत झाली नाही. ‘सील झालेल्या घराकडे गेलो तर धरतील असं वाटलं ताई. मला वाटलं, एवढी माणसं आली होती, त्यांनी सोडला असेल त्याला.’

मी फोन ठेवणार एवढ्यात मागून मुलीचा आवाज आला : ‘आई, मनी पण आहे म्हणून सांग.’

मनी म्हणजे मांजर. दोन वर्षांपूर्वी मुलीने रस्त्यावरून उचलून आणलेली. माझ्याकडे तिची नोंदच नव्हती. गुरुवारी रात्री टेम्पोची, सामानाची गडबड सुरू झाली तशी ती कुठेतरी दडली. मुलगी अंधारात हाका मारत राहिली. टेम्पोवाला थांबेना.

बाहेरच्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं की आत मांजरही आहे. त्या एका वाक्यानंतर मी कंपनीच्या कार्यालयात फोन करून शब्दशः गयावया केली. संध्याकाळी साडेपाचला होकार आला.

गुरुवार, दुपारी दोन

किल्ली घेऊन आलेला वसुली अधिकारी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा होता. शुक्रवारच्या पंचनाम्यालाही तोच होता. सोबत दोन पंच आणि एक हवालदार. कुलूप उघडताना तो हळूच म्हणाला, ‘मॅडम, त्या दिवशी भुंकणं ऐकलं होतं मी. मागच्या दाराची किल्ली सापडली नाही, आणि एक पंच म्हणाले शेजारच्यांचा असेल. यादी पूर्ण करायची होती.’ ती यादी त्याच्या फाइलमध्ये होती. पंखे चार, ट्यूबलाइट पाच, गॅसची शेगडी एक, मोडकी सायकल एक, पाण्याची टाकी एक.

ब्रूनो भिंतीला लागून पडला होता. आम्हाला पाहून उठला नाही, शेपटी मात्र फरशीवर दोनदा आपटली. साखळी जेमतेम चार फुटांची. नाशिकच्या जानेवारीत रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं, आणि खाली उघडी फरशी. हिरड्या फिक्या आणि चिकट, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. ताप नव्हता, उलट शरीराचं तापमान खाली गेलं होतं. दवाखान्यात वजन भरलं २०.८ किलो. सात रात्रींत, अधूनमधून पाणी आणि बिस्किटं मिळत असताना, एवढं वजन उतरत नाही. त्यातलं बरंचसं आधीच्या महिन्यांत, घरातले सगळे सोबत असतानाच उतरलं होतं.

मांजर शोधायला पाऊण तास लागला. माळा, फ्रिजमागची जागा, कपाटाच्या वरचा कोपरा. शेवटी ती बॉक्स-पलंगाच्या पोकळीत सापडली. न्हाणीघरातल्या बादलीत थोडं पाणी होतं, त्यावर ती जगली असावी. कानाची आतली कातडी हळदीसारखी पिवळी. ते पाहिल्यावर माझ्या पोटात गोळा आला. मांजर काही दिवस सलग उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साचते आणि यकृत काम करेनासं होतं. कुत्रा भूक जास्त दिवस सोसतो, मांजर तेवढी सोसत नाही.

निघताना त्या मुलाने नव्या पंचनाम्याचा कागद काढला. रकाने तेच : वस्तू, नग, स्थिती. तो थोडा वेळ पेन धरून बसला. मग लिहिलं : कुत्रा, नग १, स्थिती अशक्त. मांजर, नग १, स्थिती आजारी. मला दाखवून विचारलं, ‘असं चालेल ना?’ मी सही केली. जनावराची नोंद निदान झाली. शुक्रवारच्या यादीत मोडक्या सायकलला जागा होती, याला नव्हती.

फाइल उलटताना आणखी एक कागद दिसला. जूनमध्ये नोटीस चिकटवली त्याचा पुरावा म्हणून काढलेला फोटो. दारावर पांढरा कागद, आणि फाटकाच्या गजांमधून बाहेर आलेलं ब्रूनोचं तोंड. कंपनीकडे तो सात महिने होता. माझ्या रजिस्टरमधल्या नोंदी आणि हा फोटो, दोन्ही ठिकाणी हे जनावर कागदावर हजर होतं.

उपचार

बाहेर काढल्यावर गल्लीतून डबे आले. भात, अंडी, कुणी चिकनही. प्रेमाने आणलेलं ते सगळं मी परत पाठवलं आणि काकू दुखावल्या. कारण सांगायलाच हवं. खूप दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम पोटभर वाढलं तर ते खाऊन मरू शकतं. अन्न, विशेषतः भात-पोळीसारखं पिठूळ, पोटात गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तात ते इतकं कमी होतं की तांबड्या पेशी फुटतात, हृदयाचे ठोके बिघडतात. जनावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातं, आणि खाऊ घालणाऱ्याला कळतसुद्धा नाही का गेलं.

ब्रूनोच्या वजनाच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला सुमारे ६८० कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी आम्ही त्याच्या पाव, म्हणजे १७० कॅलरी दिल्या, त्याही सहा वेळांत वाटून. आधी सावकाश सलाइन, अंग ऊबदार करणं, थायमिनचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी निम्मं. तिसऱ्या दिवशी फॉस्फरस खाली आलंच. शिरेतून द्यावं लागलं आणि खाणं एक दिवस तिथेच थांबवलं. पाचव्या दिवशी तो उभा राहून दारापर्यंत आला.

मनीला नळीने भरवत होतो. रविवारी वहिनी आणि मुलगी सिन्नरहून बसने आल्या. मुलीने बोटाला लावलेलं औषधी खाणं मनीने चाटलं. आठवडाभरात तिने स्वतःहून खाल्लेला तो पहिला घास. मंगळवारी पहाटे ती गेली. मुलीला फोन मी केला.

ब्रूनो परत द्यायचा की नाही

यावर आमच्यात खरा वाद झाला. रस्त्यावरच्या जनावरांसाठी धडपडणारी दोन-तीन मुलं मला नेहमी मदत करतात, त्यांचं म्हणणं ठाम होतं : ज्यांनी साखळीला बांधून सोडलं, त्यांना कुत्रा परत नाही, आणि कलम ११खाली तक्रार हवीच. त्यांचा राग खोटा नव्हता. ब्रूनोला त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवलं होतं.

मी तक्रार दिली नाही. चूक झाली नाही असं मी म्हणत नाही. साखळी सोडायला हवी होती, काकूंना एक फोन करायला हवा होता, त्याला कारण नाही. पण ब्रूनो सात दिवस उपाशी राहिला तो एका माणसाच्या क्रूरपणामुळे नाही. कुटुंब घाबरलं, भाचा मागे फिरला, पंचाने अंदाज केला, कंपनीने फोटो पाहिला नाही, मी विचारलं नाही. यांतल्या एकाला पन्नास रुपये दंड करून उद्याच्या घरातलं जनावर वाचणार नव्हतं. उलट घर गेलेलं पुढचं कुटुंब मला फोन करायलाही भ्यायलं असतं.

अमेरिकेत २००८च्या सुमारास लाखो घरं कर्जापायी गेली तेव्हा रिकाम्या घरांत कुत्री-मांजरं सापडण्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायद्यात बदल करून घराचा ताबा घेणाऱ्यावरच जबाबदारी टाकली : आत सोडलेलं जनावर दिसलं तर प्राणी-नियंत्रण खात्याला तत्काळ कळवायचं. मला हे पटतं, कारण दार उघडणारा हाच जनावरापर्यंत पोचणारा पहिला माणूस असतो. आपल्याकडे तर ते आणखी सोपं व्हावं. कलम १४चा आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघतो, आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच असतात. आदेशात एक ओळ हवी : आत जिवंत प्राणी नाही याची खात्री करूनच सील लावावे. पंचनाम्यात एक रकाना हवा.

एप्रिलअखेर त्या कुटुंबाला सिन्नरमध्येच तळमजल्याची खोली मिळाली. मालकाची स्वतःची दोन कुत्री. तोवर ब्रूनो गिरणाऱ्याच्या एका द्राक्ष बागायतदाराकडे राहिला. मी खोली पाहून आले, लसीचा खर्च वर्षभर माझ्याकडे ठेवला आणि त्याला परत दिला. त्या मुलांपैकी एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही. शेवटच्या तपासणीत वजन २७.१ होतं.

दवाखान्याच्या कार्डावर आता ‘घरी कुणी नसेल तर प्राणी कोण सांभाळेल’ अशी एक ओळ आहे. आणि लस अर्धी राहिली, वजन उतरलं, पोतं बंद झालं की मी खुर्ची पुढे ओढून घरचं कसं चाललंय ते विचारते. काही जण टाळतात. दोघांनी सांगितलं, त्यांपैकी एकाचा कुत्रा ताब्याच्या तीन आठवडे आधीच मेहुण्याकडे ओझरला गेला.

जूनमध्ये त्या वसुली अधिकाऱ्याचा फोन आला. सातपूरच्या बाजूला ताबा चालू होता, मागे माणसांचा आवाज येत होता. ‘मॅडम, गॅलरीत पिंजरा आहे. पोपट. काय करू?’ आपल्याकडचा देशी पोपट पाळायलाच कायद्याने बंदी आहे, त्याला उडवून देऊ नको आणि मालकाच्या नातेवाइकाकडेही देऊ नको, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळव, असं मी सांगितलं. ‘ते येईपर्यंत वेळ लागेल,’ तो म्हणाला. मग मागे वळून कुणाला तरी मोठ्याने बोलला, ‘थांबा, कुलूप नका लावू अजून.’